सानवीचा वरचा दात

दात मीच पाहिला, हा माझा पहिला गुन्हा. आणि पाहून आनंदाने ओरडलो, हा दुसरा.

रविवारची सकाळ होती. माझी भाची सानवी, वय महिने दहा, माझ्या मांडीवर बसून माझी करंगळी चघळत होती. एकाएकी असा काही चिमटा बसला की मी "आई गं!" करून हात ओढला. तोंड उघडून बघतो, तर हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलेलं. वर कसलं, खाली आलेलं. "दर्शना, अगं दात आला पोरीला! वरचा!"

एवढं बोलून मी कौतुकासाठी आजूबाजूला पाहिलं. माझी बहीण दर्शना पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्या बायकोने, हेतलने, चहाचा कप खाली ठेवला. आणि दर्शनाच्या सासूबाई, आवडाबाई, ज्या हर्णेहून नातीला सांभाळायला येऊन राहिल्या आहेत आणि त्या वेळी सुकट निवडत होत्या, त्यांचा हात सुपातच थांबला.

"वरचा?" त्यांनी विचारलं.

"वरचा!" मी अजून हसतच होतो.

"खालचे नाय आले?"

"नाही अजून."

"आणि बघितला कोणी पहिला? मामानीच?"

आता मात्र माझं हसू जरा कमी झालं. आवडाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! मामाच्या मुळावर आली की रे पोर!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाळाचा वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. जड म्हणजे किती जड, ते कुणी सांगत नाही. नुसतं "जड" म्हणतात आणि मामाकडे बघतात. सानवीला मामा एकच. दुसरा असता तर निदान वाटणी झाली असती.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दरवर्षी अंधश्रद्धा निर्मूलनाचं प्रदर्शन भरवतो, लिंबू-मिरचीतल्या आम्लावर भाषण देतो, आणि माझ्याच बहिणीच्या घरात माझ्यावरच हा प्रसंग! मी घसा साफ केला आणि सांगितलं की काही बाळांना वरचे दात आधी येतात, त्यात विशेष काही नसतं, आणि मामाचं आयुष्य व भाचीची हिरडी यांच्यामध्ये कुठलीही नस जात नाही. नववीच्या वर्गात एवढ्यावर शांतता पसरते.

"ते तुमचं शाळेत, मास्तर," आवडाबाई म्हणाल्या. "वरच्या दातानं आईचं दूध ओढलं की मामाचं आयुष्य ओढतं. आमच्यात तेव्हा दूध तोडतात. उद्यापासून हिला बाटली."

दर्शनाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि इथे मला तिची बाजू सांगायलाच हवी. दर्शना पोस्टात आहे. दुपारच्या सुट्टीत स्कूटीवरून धावत घरी येते, सानवीला पाजते, स्वतः दोन घास उभ्याउभ्या खाते आणि परत काउंटरवर. सुरुवातीचे दीड महिने पोर नीट ओढतच नव्हती. दर्शनाने दुखणं सोसलं, रडली, पण सोडलं नाही. आता कुठे मायलेकींची घडी बसली होती. दोन वर्षं पाजायचं तिने ठरवलं होतं. नवरा, संदेश, मुंबईला टगबोटीवर. त्याला फोन केला तर तो "आई म्हणते ते बघ" म्हणून रेंजच्या बाहेर जातो.

"आई, नको ना," ती म्हणाली.

"मग मी चालले हर्णेला. मला नाय बघवायचं ते."

म्हणजे संपलंच! आवडाबाई गेल्या तर पोरीला सांभाळणार कोण? दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. "दादा," एवढंच म्हणाली. बहिणीने असं "दादा" म्हटलं की माणूस मूर्खपणा करतो, आणि मी तो केला.

"आवडाबाई, पंधरा दिवस द्या," मी उभा राहून म्हणालो. "पंधरा दिवसांत मला काही झालं, साधं खरचटलं तरी, दूध बंद करा. मी एक शब्द बोलणार नाही. आणि काही झालं नाही, तर मग हा विषय बंद."

आवडाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं, जसा त्या लिलावात पापलेट न्याहाळतात. "खरचटलं तरी?"

"खरचटलं तरी!"

घरी जाताना हेतल म्हणाली, "तुम्ही गेल्या महिन्यात उभ्याउभ्या पायमोजा घालताना पडला होतात. आठवतंय ना?"

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

आता पुढचं ऐका. आम्ही दोघं भाऊबहीण एकाच इमारतीत राहतो, ती पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. त्यामुळे ही पैज संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर पोचली. एसटीतून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा जिन्यातच भेटले. "मास्तर, चांदीच्या वाटीत तेल घ्या, त्यात भाचीचं तोंड बघा. जडपण तेलात उतरतं." समोरच्या गोदाकाकू आतून ओरडल्या, "तेल नव्हे हो आप्पा, तूप! तेलात बघितलं तर दुप्पट होतं!" मग त्या दोघांची तेल की तूप यावर अशी जुंपली की मी मधूनच निसटलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी जिना उतरायला लागलो की तिन्ही मजल्यांची दारं किलकिली व्हायची. माझं वाईट व्हावं असं कुणालाही वाटत नव्हतं, पण झालंच तर आपण हजर असावं असं मात्र प्रत्येकाला वाटत होतं.

रत्नागिरीत पावसाळा सरत आला की जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर माझा पाय सटकला आणि कोपर सोलवटलं. मुलं "सर, सर!" करत धावली. मी बसल्या जागी म्हणालो, "घर्षण कमी झालं की काय होतं? हे प्रात्यक्षिक होतं. वहीत लिहून काढा." मुलांनी लिहून काढलं. त्या दिवसापासून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागलो. सप्टेंबरातल्या त्या चिकट उकाड्यात पूर्ण बाह्या म्हणजे काय, ते रत्नागिरीकरांना सांगायला नको.

पाचव्या दिवशी खाली उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरवर नारळाची झावळी कोसळली. मी त्यापासून चार पावलांवर होतो. आवडाबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी झावळी बघितली, मला बघितलं आणि हाताची चार बोटं दाखवली. चार पावलं! सातव्या दिवशी तक्ता लावताना हातोडी अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं. मी सहा दिवस तो अंगठा मुठीत मिटून फिरलो, त्यामुळे मी कुणावर तरी सतत चिडलेला आहे अशी शिक्षकांच्या खोलीत समजूत झाली. घरी हेतल हळद लावायची. दर्शनाकडे गेलो की आवडाबाई नाक वर करून हुंगायच्या. "कुणाला हळद लावली?"

"हेतलला," मी म्हणायचो. "तिची पाठ धरलीय."

त्यावर त्यांनी हेतलला बोलावून तिची पाठ तेलाने अशी रगडली की ती खरोखरच धरली. त्या रात्री हेतलने माझ्याशी अबोला धरला, पाठीला हात लावून.

नुसतं जिवंत राहून भागणार नाही हे माझ्या ध्यानात आलं. पुरावा हवा, तोही शिक्क्याचा. आवडाबाईंचा शाईवर नाही तरी शिक्क्यावर विश्वास असेल, असा माझा अंदाज. म्हणून मी अर्धी रजा टाकून एका धर्मादाय दवाखान्यात गेलो. नाव सांगत नाही, मला तिथे परत जावं लागेल.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"भाची. दहा महिन्यांची."

"त्रास काय?"

"तिला काही नाही."

"मग कुणाला?"

"मला. म्हणजे होऊ शकतो. असं काहींचं म्हणणं आहे." मी घाम पुसला. "वरचा दात आधी आला तरी आईचं दूध चालू ठेवावं, त्याने बाळाच्या दातांना, जबड्याला फायदाच होतो, असा एक दाखला हवा होता."

बाईंनी आता मान वर केली. "दातांचं असेल तर दंत विभाग. बाळाचं असेल तर बालरोग. दुधाचं असेल तर बाळंतपणाचा विभाग. तुमचं नक्की काय?"

दंत विभागात म्हणाले, बाळ आणा. बालरोगात म्हणाले, बाळाला काही झालेलंच नाही तर दाखला कशाचा? बाळंतपणाच्या विभागात रांग होती. बावीस बायका आणि मी. मी हातात फाईल धरून अत्यंत शास्त्रीय चेहऱ्याने उभा होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या, सर! तुम्ही इथे?" माझ्या नववी 'ब'मधल्या जुळ्या मुलांची आई! मी म्हणालो, "स्तनपानाबद्दल जरा चौकशी होती." वाक्य तोंडातून सुटलं आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता मामाला काय जड जायचं ते जाऊ दे. जमीन काही दुभंगली नाही. जांभा दगड तो!

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. वीस वर्षं प्रामाणिकपणे आर्किमिडीज शिकवल्याचं हे फळ!

दवाखान्याने शेवटी एक दाखला दिलाच. त्यांच्याकडे छापील नमुने दोनच होते, रजेचा आणि तंदुरुस्तीचा. त्यामुळे "धारक शारीरिकदृष्ट्या सुदृढ आहेत" असा माझ्याच नावाचा, गोल शिक्क्याचा कागद घेऊन मी आवडाबाईंपुढे उभा राहिलो. त्यांनी तो उलटसुलट बघितला.

"दाखला काय, मेल्यावर पण मिळतो, मास्तर," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

तेराव्या दिवशी दर्शना जिन्यात भेटली. डोळे सुजलेले. "दादा, आईंनी बाटली आणून ठेवलीय. ओट्यावर. रोज उकळून पालथी घालतात." मी म्हणालो, "दोन दिवस राहिलेत, दर्शना. मी पडणार नाही." ती माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "चप्पल उलटी घातलीयस रे."

शेवटी मला संस्कृती आठवली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता दातांची डॉक्टर, बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर दवाखाना. मी तिला सहामाहीला चाळीसपैकी सतरा दिले होते. पण फोन केला तर म्हणाली, "सर, दाखलाबिखला कशाला? सगळ्यांना घेऊन या. मी बाळाचं तोंड बघते आणि आजींशी बोलते." आणि आश्चर्य म्हणजे आवडाबाई तयार झाल्या. म्हणाल्या, "पोरीचा दात दाखवायला येते. दुधाचं माझं ठरलेलं हाय."

चौदावा दिवस. आम्ही निघालो. पुढे सानवीला घेऊन दर्शना, मागे आवडाबाई आणि त्यांच्या मागे मी, एकेक पाऊल मोजत. रिक्षातून उतरताना डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, नारळाचं झाड आहे का म्हणून वरही पाहिलं. कठडा धरून जिना चढलो. शेवटची पायरी आली आणि छाती भरून श्वास घेतला. जिंकलो!

दवाखान्याला काचेचं दार होतं. दर्शना आणि आवडाबाई आत गेल्यावर ते आपोआप लागलेलं. कुणीतरी सकाळीच ते लख्ख पुसलेलं. मी त्याच छातीभर श्वासासकट दारावर आदळलो, मागे भेलकांडलो, पाय सटकला आणि तोंड जिन्याच्या स्टीलच्या कठड्यावर आपटलं.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढचं आठवतं ते असं: मी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा, तोंडात कापसाचा बोळा, आणि संस्कृती म्हणतेय, "सर, घट्ट दाबून धरा. अजिबात बोलायचं नाही." बाजूच्या बाकावर दर्शना सानवीला उराशी कवटाळून बसली होती, जणू कुणी ओढून नेणार आहे. तिचे डोळे घळाघळा वाहत होते. आणि आवडाबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर माझा दात होता. अख्खा, मुळासकट. जिन्यातून त्यांनी उचलून आणलेला.

"पडलात, मास्तर," त्या म्हणाल्या. "दर्शना, आजपासून दूध बंद."

मला ओरडायचं होतं की दार पुसलेलं होतं, काच पारदर्शक असते, प्रकाश आरपार जातो! तोंडातून फक्त "ऊंऊं" निघालं.

संस्कृतीने परिस्थिती एका नजरेत ओळखली. सतरा मार्कांच्या मानाने पोरगी फार हुशार निघाली. तिने सानवीला घेतलं, तिच्या तोंडात बोट फिरवलं आणि आवडाबाईंना जवळ बोलावलं. "आजी, बघा. टाळू कशी छान रुंद आहे. अंगावर पिताना बाळाला जीभ, गाल, जबडा, सगळ्यांना काम करावं लागतं. त्याने जबडा नीट वाढायला मदत होते, पुढे दातांना जागा मिळते. बाटली तशी सहज गळते, तेवढी मेहनत होत नाही. आणि बाटली तोंडात ठेवून पोर झोपलं की दात किडायची भीती जास्त. आता दात आलाय, तर पाजल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचा. बस. दूध तोडायचं काही कारण नाही."

आवडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मग फार हळू म्हणाल्या, "खरं असेल, बाय. मी कुठं नाय म्हणते? दूध चांगलंच. माझा संदेश पण अंगावरच पीत होता."

मग त्या बाकावर टेकल्या. "त्याचा पण वरचाच दात आला होता आधी. सगळी म्हणाली, दूध तोड, आवडे, भिवाला जड जाईल. भिवा माझा पाठचा भाऊ. मी नाय ऐकलं. पोर भुकेनं रडायचं, मला बघवायचं नाय. पाजत राहिले. त्याच सालात भिवाची होडी गेली ती आलीच नाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "चौतीस वर्षं झाली. लोकं म्हणतात, वारा सुटला होता. मी म्हणते, मी पाजत होते."

मी खुर्चीत आडवा होतो आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चौदा दिवस मी त्यांना अडाणी समजत होतो, आणि ही बाई चौदा दिवस गॅलरीत उभी राहून माझ्यासाठी जीव मुठीत धरून होती. हळदीचा वास घेत होती ती मला पकडायला नव्हे. मला लाज वाटली. विज्ञानाची नव्हे, माझी.

दर्शना उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्या तिला म्हणाल्या, "तुझा एकच भाऊ हाय गो. पोरीला बाटली चालेल. भाऊ कुठून आणशील?"

मग संस्कृतीची नजर आवडाबाईंच्या तळहाताकडे गेली आणि तिच्यातली डॉक्टर जागी झाली. "आजी, तो दात आधी माझ्याकडे द्या, दुधात ठेवते. लगेच केलं तर परत बसवता येईल. सरांचा पुढचा दात आहे, वरचा."

आवडाबाईंची बोटं एकदम मिटली. "वरचा?"

"हो, वरचा. समोरचा."

आवडाबाईंनी मूठ उघडून दात बघितला. सानवीकडे बघितलं. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं. "वरचा आला आणि वरचा गेला," त्या पुटपुटल्या आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! "दर्शना! अगो, फिटलं! मामाच्या जिवावरचं होतं, ते दातावर निभावलं! गेलं ते जडपण, सुटला तुझा भाऊ!"

"आजी, तसा काही संबंध नसतो," संस्कृती म्हणाली, "आणि दात तर आपण आत्ता परत..."

मी तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की ती दचकली. मी मान हलवली. नाही.

"सर, दात राहील हो तुमचा! वेळ गेली तर मग नाही बसवता येणार. पुढचा दात आहे! वर्गात उभं राहायचंय तुम्हाला!"

साठ पोरं, नववी 'ब', आणि माझं खिंडार पडलेलं तोंड. मला सगळं दिसलं. प्रदर्शनातलं भाषण दिसलं, मुख्याध्यापक दिसले. मी पुन्हा मान हलवली. नाही म्हणजे नाही.

संस्कृतीने दातासाठी काढलेली दुधाची वाटी बाजूला ठेवली. "खरंच का, सर?" तिने हळूच विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं आहे असं मी तिला वाटू दिलं.

आवडाबाईंनी दात पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. त्यांच्या हाताला सुकटीचा वास येत होता. "भिवाचं काय नाय मिळालं मला," त्या म्हणाल्या. "एक वल्हं पण नाय."

मग डोळे पुसून त्या दर्शनाकडे वळल्या. "बघत काय बसलीस? पोर कधीची भुकेनं रडतेय. घे पदराखाली."

दर्शना भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने सानवीचं रडणं थांबलं.